तोंडात बाळ, हातात खडू

फिलिबेर्तोने ते बाळ गालात सरकवलं तेव्हा त्याचा बेत अगदी साधा होता. मिनिटभर तोंडात धरायचं, मग रुमालात घ्यायचं आणि रुमाल खिशात. (रुमाल घरी राहिलाय, हे त्याला बाळ गालात गेल्यावर कळलं.)

बाळ प्लास्टिकचं, करंगळीच्या पेराएवढं. तीन राजांच्या सणाला गोल गोड पाव कापायचा, आणि ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला सगळ्या गोतावळ्याला तामाले, म्हणजे पानांत बांधून उकडलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. गेल्या वर्षी बाळ फिलिबेर्तोलाच निघालं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. (ते त्याला बाप समजत असावं.) म्हणून आज सासुरवाडीच्या दारातच त्याच्या बायकोने, ओफेलियाने, दम भरला होता, "यंदा पुन्हा तुला निघालं ना, तर मक्याचं पीठ तू मळायचं, पानांत तू बांधायचं आणि झोपायचं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी!"

एरवी त्याने गच्चीही पत्करली असती. पण आज टेबलाच्या टोकाला गावच्या साप्ताहिकाचे संपादक बसले होते, आणि त्यांच्यादेखत ओफेलियाचा आरडाओरडा परवडणारा नव्हता. चपलांचं दुकान बंद पडल्यापासून फिलिबेर्तो घरीच होता आणि साप्ताहिकाला मुद्रितशोधक हवा होता. सासूबाईंनी, म्हणजे निवृत्त मास्तरीण एर्मिलाबाईंनी, संपादकांना मुद्दाम पाव खायला बोलावलं होतं. जावई पसंत पडला तर सोमवारपासून कामावर.

त्यासाठी महिनाभर एर्मिलाबाईंनी त्याला स्पॅनिशमधले जुळे शब्द घोटवले होते. तोंडाने म्हटले की सारखे, कागदावर वेगळे. 'कोसेर' म्हणजे शिवणं आणि 'कोसेर' म्हणजे शिजवणंही. पहिलं एसने, दुसरं सीने. 'बोतार' म्हणजे मत देणं आणि फेकून देणं. (निवडणुकीनंतर गावाला यात फारसा फरक वाटत नाही, पण व्ही आणि बीचा फरक आहेच.) बाईंनी हे सगळं चालीवर बसवलं होतं. फिलिबेर्तोने अंघोळ करताना, कपडे वाळत घालताना गाऊन गाऊन पाठ केलं. फक्त एक झालं. काही लोकांना पुटपुटल्याशिवाय बेरीज येत नाही, तसं त्याला गायल्याशिवाय एकही शब्द आठवेना.

आणि आता तोंडात बाळ.

पाव संपला. बाळ नाही. ओफेलियाच्या बहिणीचा नवरा निकानोर टेबलावर थाप मारून म्हणाला, "कुणीतरी दाबलंय! काय रे फिलि, आज एवढा गप्प?"

फिलिबेर्तो ओठ मिटून हसला.

"बाळ सापडेपर्यंत जागचं कुणी हलायचं नाही," एर्मिलाबाई म्हणाल्या. "साहेब, तोवर तुम्ही आमच्या जावयाला विचारा काय ते."

संपादक चॉकलेटचा कप पुढ्यात ठेवून म्हणाले, "सोपं विचारतो. शिवायचं कोसेर कशाने, शिजवायचं कशाने?"

"म्म," फिलिबेर्तो म्हणाला.

"काय?"

"म्म्म!" त्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

ओफेलियाने त्याच्या डाव्या गालाकडे पाहिलं. तीन वर्षांचे तामाले तिच्या डोळ्यांपुढून सरकले. पण नोकरीही सरकली. "घसा बसलाय त्याचा," ती म्हणाली.

"आत्ता तर खणखणीत आवाजात चॉकलेट मागितलं की याने!" निकानोर.

"बसू दे घसा. हात बसलेला नाही ना?" एर्मिलाबाई म्हणाल्या. "फळ्यावर लिही."

जेवणघरात फळा लावणारी सासू अख्ख्या मेक्सिकोत एकट्या फिलिबेर्तोच्याच वाट्याला आली असेल. तो उठला. हातात खडू, डोक्यात शुकशुकाट. जीभ हलवून चाल आठवावी, तर बाळाचा पाय टाळ्याला टोचला. खडू फळ्याला टेकला आणि टेकूनच राहिला.

"येतंय का?" निकानोरने गोड आवाजात विचारलं.

फिलिबेर्तोने डोळे मिटले आणि नाकातून चाल धरली. हूं हूं हूंहूं हूं... आणि चालीमागोमाग अक्षरं आली! शिवणं एसने. शिजवणं सीने. मत व्हीने, फेकणं बीने. गाय व्हीने, गाडीच्या टपावरचं कॅरिअर बीने. हूंहूं वाढलं तसा खडू फळ्यावर नाचायला लागला.

"वा!" संपादक खुर्चीतून उठले. "गुणगुणत लिहितो! असा निर्धास्त माणूस मी छापखान्यात पाहिला नाही!" फिलिबेर्तो टेबलाकडे वळला, तोच त्यांनी त्याच्या पाठीत सणसणीत शाबासकी दिली.

बाळ सुटलं. टेबलावरून कमान घेत गेलं आणि टुबकन संपादकांच्या कपात पडलं. सगळ्यांचे डोळे फळ्यावर होते. पाहिलं फक्त फिलिबेर्तोने आणि ओफेलियाने.

संपादक बसले, फिलिबेर्तोही ओफेलियाशेजारी येऊन बसला. त्यांनी कप उचलला.

"साहेब!" फिलिबेर्तो ओरडला.

"घसा सुटला की!" म्हणत त्यांनी मोठा घोट घेतला. मग त्यांचा चेहरा बदलला. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी चॉकलेटने माखलेलं बाळ बाहेर काढलं.

"साहेब," एर्मिलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही लपवलं होतंत?"

"मी?"

"कपात!" निकानोरला हसू आवरेना. "शिकलेली माणसं!"

फिलिबेर्तोने तोंड उघडलं. खरं सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर नोकरी देणाऱ्याची अब्रू. त्याने ओफेलियाकडे पाहिलं. ओफेलियाने टेबलाखालून त्याच्या पायावर टाच ठेवली. त्याने तोंड मिटलं. (आता आत काही नव्हतं, तरी.)

संपादकांनी बाळ रुमालाने पुसलं. "नियम तो नियम. तामाले माझ्याकडे. पण मी एकटा माणूस, मला चहाही जमत नाही. साप्ताहिकाच्या कचेरीतच बोलावतो सगळ्यांना, छापखान्यातली मंडळीही आली." मग ते फिलिबेर्तोकडे वळले. "सोमवारपासून या. तामाले हे तुमचं पहिलं काम."

कांदेलारियाच्या आदल्या दिवशी ओफेलियाने नव्या मुद्रितशोधकापुढे मक्याच्या पिठाचं घमेलं ठेवलं आणि वर एक फाटका एप्रन टाकला.

"शिजवायचं सीने," ती म्हणाली, "आणि एप्रन शिवायचा एसने. दोन्ही तूच कर. गच्चीवर अंथरूण घातलंय."