नामदेवरावांच्या खिशातली काडी

नामदेवराव कुणाच्याही घरी गेले की आधी शिलाई मशीन शोधायचे, मग माणसं. मशीन दिसली की पाण्याचा गिलास येईपर्यंतही दम नाही. सरळ तिच्यापुढे गुडघे टेकायचे, खिशातून कागदात गुंडाळलेली आगपेटीची अर्धी काडी काढायचे आणि सुईशेजारच्या दांडीला उभी लावून माप घ्यायचे. माप जुळलं की चेहरा खुलायचा. "आपल्या मशीनच्याच जातीची हाय," म्हणायचे आणि घरच्यांना न विचारता खण उघडायचे.

एकदा गल्लीतले आम्ही सगळे एका घरी भेटायला गेलो. तिथली म्हातारी आदल्या दिवशी वारली होती. नामदेवराव आत शिरले ते थेट कोपऱ्यातल्या मशीनपुढे, गुडघ्यावर, मान खाली. सून हुंदका देत म्हणाली, सासूबाईंचा या मशीनवर किती जीव होता ते काकाजींनाच ठाऊक. मला त्यांच्या चिमटीतली काडी दिसत होती. मी पदर तोंडात कोंबला, तर लोकांना वाटलं मीही रडते आहे.

आर्वीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते एस्टी डेपोतले रिटायर कारकून, मी शाळेत शिक्षिका. त्यांची बायको कौसल्याबाई कपडे शिवायच्या. त्यांची मशीन काळी, विलायती, आईकडून आलेली. अशा मशीनच्या सुईशेजारच्या दांडीला बसणाऱ्या नाना तऱ्हेच्या जोडण्या पूर्वी मिळत. एक कापडाची कड दुमडत जाणारी, एक गोट लावणारी, एक झालरीला चुण्या घालणारी. आता त्या दुकानात विचारल्या तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. नामदेवराव त्या भंगारात शोधत, आठवडी बाजारात शोधत. डेपोतले कंडक्टर तर त्यांचे हेरच झाले होते. कोणत्या गावात कुणाच्या घरी जुनी मशीन धूळ खाते, त्याची खबर शेवटच्या गाडीने यायची.

"रिकाम्या माणसाले शौक पाह्यजेच. फिरू द्या," कौसल्याबाई हसून म्हणायच्या. मीही शौकच समजत होते.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये हेडमास्तरांनी मला बोलावलं. शाळेचे गणवेश कौसल्याबाईच शिवायच्या, पण दोन वर्षांपासून शर्टांची हातानं केलेली काजं वेडीवाकडी येत होती. बटनं निसटायची, निम्मी शाळा छाती उघडी टाकून प्रार्थनेला उभी राहायची. या वर्षीचं काम दुसऱ्याला द्या, म्हणाले. ते सांगायचं काम आलं माझ्या गळ्यात. कौसल्याबाईंना सांगायची माझी काही छाती झाली नाही. मी नामदेवरावांना ओट्यावर गाठलं.

त्यांनी आधी दार ओढून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "तिचा उजवा हात थरथरते, बाई. तीन वर्षं झाले. माह्यापासून लपवते. लाइट कमी येते म्हणून काज वाकडं झालं म्हणते. मीही म्हणतो, हो, लाइट लयच कमी येते." मग म्हणाले, "हात जे जे सोडून राह्यला, ते ते मी मशीनले लावून राह्यलो. दुमडीचं भेटलं, गोटाचं भेटलं. काजाचंच भेटून नाई राह्यलं. तिले सांगू नका."

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी या माणसावर हसत होते. हेडमास्तरांकडे जाऊन मी भांडून एप्रिलअखेरपर्यंत काम दुसऱ्याला न देण्याची मुदत घेतली.

एप्रिलच्या मध्यावर खबर आली ती तळेगावची. एका किराणावाल्याच्या घरी काजाची जोडणी होती, डबीसकट. नामदेवराव पहिल्या गाडीने गेले, दुपारी घेऊन आले. मशीनला बसवली तर कापड थांबेचना, पुढे पुढेच सरकत गेलं. काज झालं बोटभर. त्यातून बटन काय, लिंबू गेलं असतं. काज करताना मशीनचे कापड ढकलणारे दाते झाकावे लागतात, आणि ती झाकायची पत्र्याची पट्टी डबीत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव पुन्हा तळेगावला. किराणावाली म्हणाली, होतं ते सगळं दिलं. ते डोक्याला हात लावून बसले. ती कोठीचं कुलूप उघडायला उठली आणि त्यांना तिच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलेली पट्टी दिसली. सासूने जुडगा दिला तेव्हापासून ती त्यात होती. दर दिवाळीला बाई तिला हळदकुंकू लावायची, आणि लक्ष्मी कोणी देत नसते. नामदेवरावांनी कंडक्टरांनासुद्धा न सांगितलेली गोष्ट त्या परक्या बाईला सांगितली. बायकोच्या हाताची. बाईने जुडगा सोडला आणि पट्टी त्यांच्या हातावर ठेवली.

पट्टी बसली, मुदतीच्या आत काजं सरळ आली, आणि जूनमध्ये शर्ट शाळेत गेले. हेडमास्तरांनी चार-पाच शर्टांची बटनं स्वतः काढून-लावून पाहिली आणि पुढचंही काम कौसल्याबाईंनाच द्या म्हणाले. मी धावतच ही बातमी द्यायला गेले. आत मशीन टकटक करत होती. नामदेवराव ओट्यावर उभे राहून शर्ट घालत होते. छातीवरचं काज इतकं वाकडं की बटन आत जाईना. मी म्हटलं, काकाजी, तेवढं उसवून मशीनवर करून घ्या की आता.

त्यांनी काजावर तळहात ठेवला.

"नाई बाई. हे मागच्या दिवाळीचं हाय. चार दिवस बसली होती, माह्यापासून लपून. तिच्या हातचं हे शेवटचंच. आता थोडीच करणार हाय ती हातानं? मीच बंद केलं ना."

आणि मान खाली घालून ते बटन पुन्हा आत सारायला लागले.