वॉल्टर पॅडलवर बसला

सकाळची पहिली कॉफी संपायच्या आत व्हर्ला होकनसननं फोनवर घोषणा करून टाकली, "आज संध्याकाळपर्यंत सगळं शिवून मोकळी होते की नाही बघ!"

पलीकडे ओपल होती. व्हर्लाची जन्माची मैत्रीण. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा निघायचं, पण ओपल असताना कुणाचं अडत नसे. तिच्या कानावर घातलेली गोष्ट चर्चपासून धान्याच्या कोठारापर्यंत वाऱ्यासारखी जायची. कधीकधी तर घडायच्या आधीच पोचायची!

"सगळं म्हणजे काय काय?" ओपलनं विचारलं.

"गरम भांडी धरायच्या गाद्या, चष्म्याची घरं, टाचण्यांच्या उशा आणि एक टेबल रनर. शनिवारी चर्चच्या विक्रीत माझं टेबल सगळ्यात भरलेलं असणार!"

"असेल बाई. तुझ्या मांजरांनी परवानगी दिली तर!"

"मांजरांना विचारतंय कोण?" असं म्हणून व्हर्लानं फोन ठेवला.

गोधड्यांच्या बाबतीत व्हर्लाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण नवरा मार्विन गेल्यापासून ती मोठी गोधडी शिवायला घ्यायची नाही. मोठी गोधडी ताणायला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं, आणि मार्विन ते टोक कुरकुरत का होईना, धरायचा. आता ती छोट्याच वस्तू शिवायची, एका माणसाला पुरतील अशा. बाहेर गुडघाभर बर्फ पडलं होतं, कुणी येणार नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. त्यामुळे तिनं कपडेही बदलले नाहीत. अंगात फ्लॅनेलचा ढगळ गाऊन, ज्यात तिच्यासारख्या दोघी सहज मावल्या असत्या, आणि आत थंडीसाठी मार्विनची जुनी लोकरी बंडी आणि विजार. अशा थाटात बाईसाहेब शिलाईखोलीत शिरल्या.

कापडाच्या ठिगळांवर फिलिस झोपली होती.

फिलिस म्हणजे सडपातळ काळी मांजर, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा. खोलीत दोन खुर्च्या, एक गादी आणि खास तिच्यासाठी शिवलेली बिछायत होती. पण व्हर्लाला जे ठिगळ हवं असेल, नेमकं त्यावरच तिला झोप लागायची!

"फिलिस, ऊठ. तो निळा तुकडा दे."

फिलिसनं एक डोळा उघडला, व्हर्लाकडे बघितलं आणि मिटला.

मग उचलाउचली झाली. फिलिसला खाली ठेवलं की ती वर. वर आली की पुन्हा खाली. या कवायतीत इस्त्री पालथीच राहिली आणि भांडी धरायच्या गादीतून धूर निघायला लागला. व्हर्लानं धावत जाऊन इस्त्री उचलली, गादी बर्फात फेकली आणि धूर जावा म्हणून खिडकी वीतभर उघडी ठेवली.

"होतं असं," ती स्वतःला म्हणाली. "एक गेली तर गेली. आता रनर घेते."

टेबलावर मधोमध अंथरायचा तो लांब रनर सुरेख जमला होता. पांढऱ्यावर निळ्या चांदण्या. फक्त कडेची पट्टी मारायची होती. व्हर्ला विजेच्या मशीनवर वाकली, चष्मा नाकाच्या टोकाला आला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. गाऊनचा घोळ रनरच्या खाली कधी सरकला, ते तिला कळलंच नाही. तिनं टोकावर सुई खाली घेतली आणि धागा सारखा करायला पॅडलवरचा पाय काढला.

वॉल्टर याच घटकेची वाट बघत होता.

वॉल्टर हा नारिंगी बोका. वजन नाताळात भाजतात त्या टर्की पक्ष्याएवढं. त्याला जगात दोनच गोष्टी आवडायच्या, शेजारच्या दाण्यांवर येणारे पक्षी आणि ऊबदार जागा. पॅडल ऊबदार होतं. त्यानं टेबलाखाली एक गिरकी घेतली, शेपूट आवरलं आणि सगळा देह त्यावर सोडून दिला.

मशीन उधळलं!

टकटकटकटक करत सुई धावली ती सरळ रनरमधून, गाऊनमधून, परत रनरमधून! व्हर्लानं ओढलं तसं सुईनंही ओढलं. व्हर्ला किंचाळली, तसा वॉल्टर जरा आरामात रेलला. शेवटी खाली धाग्याचा एवढा मोठा गुंता झाला की मशीननंच घरघरून जीव सोडला. सुई खाली अडकली ती अडकलीच. चाक हलेना. आणि पोटापाशी मशीनला शिवली गेलेली व्हर्ला दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी उभी!

"घाबरायचं नाही," ती म्हणाली. "कात्री आहे."

कात्री टेबलाच्या कडेला होती. शेजारी फिलिस बसली होती. व्हर्लानं हात लांब केला. फिलिसनं तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि पंजानं कात्री एक बोट पुढे सरकवली.

"फिलिस... नाही हं. शहाणी ना तू माझी?"

आणखी एक बोट.

"फिलिस!"

खण्णकन कात्री खाली पडली आणि घसरत हीटरखाली गेली. फिलिस पाय चाटायला लागली, जणू काही झालंच नाही.

व्हर्लानं पायानं वॉल्टरला ढोसलं. मशीन निदान मागे रेटून बघावं, तर हा धोंडा मध्ये! वॉल्टरला वाटलं, खेळ चाललाय. त्यानं चारही पायांनी तिची पोटरी कवटाळली. मग मात्र व्हर्लाचा संयम सुटला.

"वॉल्टर! सोड म्हणते ना! नखं काढ! माझा पाय सोड, वॉल्टर! तुला घरात घेतलं हेच माझं चुकलं! आयतं गिळतोस, दिवसभर लोळतोस, आणि वर मलाच ओरबाडतोस? आज तुला घराबाहेर काढते की नाही बघ!"

खिडकी वीतभर उघडी होती, हे आपल्याला ठाऊक आहे. व्हर्ला विसरली होती.

शेजारच्या अंगणात एल्डन कुबिक फावड्यानं बर्फ ओढत होते. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले, विधुर, मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी या गावात राहायला आलेले. व्हर्लाशी त्यांचं बोलणं आजवर दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा भांडण! "तुमचं ते नारिंगी जनावर माझ्या पक्ष्यांवर टपून बसतं," असं ते म्हणाले होते, आणि व्हर्लानं उत्तर दिलं होतं, "मांजर आहे ते, पाद्री नाही!" त्यानंतर दोन्ही घरांत अबोला होता. नारिंगी जनावराचं नाव विचारायचा प्रसंग आलाच नव्हता.

एल्डननी कान टवकारले. शेजारची एकटी बाई. आणि कुणीतरी वॉल्टर!

इकडे व्हर्लाला नवी युक्ती सुचली होती. गाऊन अडकलाय, मी थोडीच अडकलेय? गाऊनमधून वरच्या वर सटकायचं! तिनं हात आत घेतले, गाऊन डोक्यावरून ओढला, आणि गळ्याची वरची दोन बटणं काढायला विसरली. गाऊन नाकापाशी येऊन घट्ट बसला. आता वर डोकं अडकलेलं, मध्ये पोट अडकलेलं आणि खाली पोटरीला वॉल्टर.

मागचं दार धाडकन उघडलं. त्या गावात दाराला कुलूप घालायची पद्धत नव्हती.

"मिसेस होकनसन! घाबरू नका! मी आलोय!"

"कोण?" गाऊनच्या आतून आवाज आला.

"कुबिक! शेजारचा! कुठाय तो वॉल्टर?"

"टेबलाखाली!"

एल्डननी फावडं डोक्यावर उगारलं. "बाहेर ये, हरामखोरा! बाईमाणसावर हात टाकतोस?"

टेबलाखालून एक नारिंगी डोकं बाहेर आलं, जांभई दिली आणि परत आत गेलं.

एल्डननी वाकून टेबलाखाली बघितलं.

"हा?" एल्डननी विचारलं. "हा वॉल्टर?"

"मग तुम्हाला कोण वाटला?"

एल्डननी फावडं खाली घेतलं. समोर विजार-बंडीतली बाई, डोक्यावर गाऊनचा कोबी झालेला. बिचारे सभ्य गृहस्थ. त्यांनी ताबडतोब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. "मी... मी काय करू?"

"हीटरखालची कात्री काढा आणि मला सोडवा! कॅलेंडर मागाहून वाचा!"

एल्डन गुडघ्यांवर बसून फावड्याच्या दांड्यानं कात्री ओढायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. वाजतच राहिला. एल्डनचा स्वभावच असा की वाजणारा फोन त्यांना ऐकवत नसे.

"घेऊ नका!" व्हर्ला ओरडली. पण फ्लॅनेलच्या दोन थरांमधून "घेऊ नका" हे हुबेहूब "घ्या ना" सारखं ऐकू येतं.

एल्डन गेले. फोन उचलला. आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "हॅलो? नाही, मिसेस होकनसनना आत्ता बोलता येणार नाही. मी त्यांना गाऊनमधून बाहेर काढतोय."

पलीकडे एवढी शांतता पसरली की बर्फ पडल्याचा आवाज आला असता.

"मी एल्डन कुबिक, शेजारचा. जरा घाईत आहे. ठेवतो."

ते परत आले. "कुणी ओपल म्हणून होत्या."

गाऊनच्या आत व्हर्लानं डोळे मिटले. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"जे खरं ते!"

गाऊन कापायला फार वेळ लागला नाही. एल्डन सारखे विचारत होते, "इथे कापू? हे तुम्ही तर नाही ना?" शेवटी पोटापाशी एवढं मोठं भोक पाडून व्हर्ला सुटली. गाऊनचा गुलाबी फुलांचा तुकडा रनरच्या मागे पक्का शिवलेला राहिला. ती ब्लँकेट गुंडाळून आली, केस पिंजारलेले, चष्मा कुठे ते ठाऊक नाही. आणि काय करावं ते न सुचून तिनं कॉफी केली.

दोघं स्वयंपाकघरात बसले. वॉल्टर एल्डनच्या बुटावर डोकं ठेवून झोपला.

"मला वाटलं, खरंच कुणीतरी..." एल्डन पुटपुटले. "तुम्ही अगदी माणसाशी बोलावं तशा बोलत होता."

"दिवसभर बोलते," व्हर्ला म्हणाली. ती लाजली होती, ते तिला आवडलं नाही. "दुसरं आहे कोण?"

"मी पक्ष्यांशी बोलतो," एल्डन म्हणाले. "ते काचेच्या बाहेर असतात, एवढंच."

व्हर्लानं न विचारता त्यांचा कप पुन्हा भरला.

पुढचे दिवस फोनला उसंत नव्हती. जिच्याशी वर्षभर बोलणं नाही, तीसुद्धा "सहज केला हो" म्हणून फोन करायची आणि "एकटीच आहेस ना? की...?" म्हणून थांबायची. व्हर्लानं ओपलला सगळं समजावून सांगितलं. पॅडल, सुई, कात्री, बोका, सगळं! ओपलनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मला कशाला सांगतेस? मार्विनला जाऊन किती वर्षं झाली. आम्हाला आनंदच आहे!"

व्हर्लाला वाटलं, विक्रीला जाऊच नये. पण शिवलेल्या वस्तू पिशवीत भरून ठेवल्या होत्या, आणि गेली नाही तर लोक काय म्हणतील ते आणखी वाईट. शनिवारी ती चर्चच्या तळघरात पाय ठेवते तो सगळं बोलणं थांबलं. आणि मग तिच्या टेबलाभोवती ही गर्दी! गाद्या संपल्या, उशा संपल्या. पाद्रीबुवांच्या बायकोनं तर रनर घेतला, उलटा करून गुलाबी फुलांचा तुकडा बघितला, व्हर्लाचा हात दाबला आणि डोळे पुसत निघून गेली.

इतक्यात जिन्यावरून एल्डन उतरले. तालीम विसरलेल्या पोरासारखा चेहरा. कोपऱ्यात येऊन ते हळूच म्हणाले, "मिसेस होकनसन, लोकांत गैरसमज पसरलाय असं कळलं. मी आज वर कॉफीच्या टेबलाशी सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकलं."

"बरं केलंत!" व्हर्लाचा जीव भांड्यात पडला. "काय सांगितलंत?"

"हेच, की तसलं काही नाही. तुमचा आरडाओरडा ऐकला आणि मी वॉल्टरला हाणायला फावडं घेऊन आत धावलो."

व्हर्लाच्या हातातलं चष्म्याचं घर तसंच राहिलं. "आणि वॉल्टर बोका आहे, हे?"

एल्डननी कान खाजवला. "ते सांगायच्या आत सगळे उठून इकडे आले."

व्हर्लानं गर्दीकडे बघितलं. गर्दी तिच्याकडेच बघत होती, आणि ओपल सगळ्यात पुढे उभी राहून हात हलवत होती.

"म्हणजे आता गावात काय म्हणतायत?"

"की तुमच्यावरून दोन पुरुषांची मारामारी झाली."

सत्तरीच्या व्हर्लाचा हात आपोआप केसांकडे गेला. इकडे तिकडे बघत तिनं आवाज खाली आणला.

"आणि जिंकलं कोण म्हणतात?"

एल्डननी मान खाली घातली.

"वॉल्टर."