कॉफी ज्याची त्याला

प्राध्यापकाने विद्यार्थ्यांपासून किती अंतर ठेवावं, हे अख्ख्या निश शहरात कोणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं. म्हणजे कॉलेजात यावं. घरी नाही. घरी न येणं हाच तर पहिला नियम होता.

झालं असं की आमच्या एका सहकाऱ्याच्या दारात परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणा विद्यार्थ्याचे वडील अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवून गेले. सहकारी म्हणाले, मी ते परत पाठवलं. पण त्यांच्या मिशा काही वेगळंच सांगत होत्या. मग डीन राडोयका बाईंनी नियमावली लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. माझ्या पूर्ण प्राध्यापकपदाची फाईल त्याच बाईंच्या समितीपुढे होती, त्यामुळे मी जीव ओतून लिहिलं. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकाच्या घरी जायचं नाही, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, खाजगी फोन करायचा नाही. प्राध्यापकानेही विद्यार्थ्याला घरची कामं सांगायची नाहीत, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. दोन्हीकडून न्याय.

वर्गात मी हे वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटच्या बाकावरून ओग्न्येन उठला. हा माझ्या पूलबांधणीच्या विषयात इतक्यांदा नापास झालेला की परीक्षेला आला की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटे. यंदाही राहिला तर सरकारी खर्चाने शिकायची जागा जाणार होती.

"सर, आणि स्लावाच्या दिवशी?"

"स्लावाचं काय?"

"त्या दिवशी कोणी आमंत्रण देत नाही आणि आलेल्याला कोणी परत पाठवत नाही, म्हणून विचारलं."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. स्लावाचंही त्यात लिहून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

स्लावा म्हणजे प्रत्येक घराण्याच्या आपापल्या संताचा दिवस; आमच्या संत निकोलाचा डिसेंबरात आला. उपासाचा काळ, मांस चालत नाही, मासे चालतात, त्यामुळे देसांकाने, म्हणजे माझ्या बायकोने, मासे आणि भाजलेला घेवडा केला होता. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू दाराशी ठेवले होते, आलेल्याने आधी त्यातला एक चमचा घ्यायचा. घरधन्याने मात्र दिवसभर बसायचं नाही. उभं राहून पाहुण्यांना वाढत राहायचं. सकाळपासून माझ्या पोटऱ्यांचे लाकडी ओंडके झाले होते.

बेल वाजली. दारात ओग्न्येन, काखेत वाइनची बाटली.

"स्लावा शुभ होवो, सर."

"अरे, तू इथे कसा? नियम..."

"कोण आलंय?" आतून देसांका आली, तिने त्याचा कोट काढून घेतला, गव्हाचा चमचा हातात दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याला दारात उभं केल्याबद्दल स्वर्गातले सगळे संत रुसले असावेत. क्षणात तो टेबलाच्या मध्यावर बसला आणि मी त्याला मासा वाढत होतो.

"काटे जरा जास्त आहेत, सर," तो म्हणाला. "पण चव उत्तम."

डीन बाई दर वर्षी दुपारी येतात. मी स्वयंपाकघरात शिरलो.

"कॉफी ठेव. एकच कप. ताबडतोब."

आमच्याकडे पाहुण्याला 'आता निघा' म्हणत नाहीत. न मागता एक कॉफी आणून समोर ठेवतात. शहाणा माणूस ती पितो आणि कोट शोधायला लागतो.

"पोरगं आत्ताच जेवायला बसलंय," देसांका म्हणाली. "लाज वाटते का तुला?"

"माझी बढती वाटेवर आहे."

"मग तीही येऊन जेवेल." पण तिने कॉफी ठेवली.

ती उकळेपर्यंत बेल वाजलीच. मी धावत ओग्न्येनच्या कानाशी गेलो.

"डीन बाई आल्यात. तू आज विद्यार्थी नाहीस."

"हे तर तुम्ही दर परीक्षेत सांगता, सर."

"तू माझा भाचा आहेस. कळलं?"

"कळलं, मामा."

बाई आल्या, गहू घेतले, नेमक्या त्याच्या शेजारी बसल्या. भाच्याने त्यांना पाव दिला, पाणी ओतलं, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. बाई खूश. एवढ्यात मी ट्रे घेऊन आलो आणि कॉफी त्याच्यापुढे सरकवली. पोरावर संस्कार इतके चांगले की तो ताडकन उभा राहिला.

"मामा, हे काय? आधी बाईंना द्या." आणि त्याने कप उचलून डीन बाईंसमोर ठेवला.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. बाईंच्या ताटात मासा अजून यायचा होता. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'कॉफी याला होती' म्हणावं, तर जेवत्या भाच्याला हाकलणारा मामा ठरतो. तो विद्यार्थी आहे म्हणावं, तर माझी नियमावली माझ्याच टेबलावर मासे खाते आहे! मी उभाच राहिलो. तसंही मला बसायची परवानगी नव्हती.

बाईंनी कॉफी शांतपणे संपवली, कोट घातला आणि गेल्या. पाठोपाठ बाकीचे पाहुणेही उठले. ओग्न्येन तेवढा थांबला. त्याला कोणी कॉफी दिलीच नव्हती ना!

सोमवारी बाईंनी बोलावून घेतलं. राजीनामा द्यावा की पायावर पडावं, याचा मी जिन्यात विचार करत होतो.

"वुकाशिन," त्या म्हणाल्या, "शनिवारी मला तुमचा भयंकर राग आला होता. मग घरी जाऊन विचार केला. समितीची अध्यक्ष मी, उमेदवार तुम्ही, आणि निकालाआधी मी तुमच्याकडे जेवायला बसते. विद्यार्थ्यांना सीमा आखून देणारे पुष्कळ असतात. डीनला ती दाखवायची हिंमत फक्त तुम्ही केलीत."

मी मान खाली घातली. चेहऱ्यावर जितकी तत्त्वनिष्ठा आणता येईल तितकी आणली.

"मी समितीतून बाहेर पडले आहे," बाई म्हणाल्या. "आता तुमची फाईल मिलोये पाहतील."

मिलोये! गाडी लावायच्या जागेवरून मी आणि तो एकमेकांचं तोंड पाहत नाही. लिफ्टमध्ये तो असला की मी जिन्याने जातो. संपलं, मी म्हणालो. आता उप-प्राध्यापक म्हणूनच मला पुरतील.

देसांका मात्र भांडी पुसत शांतपणे म्हणाली, "जानेवारीत त्याच्याकडे संत योव्हान आहे. तुला तो घराबाहेर काढू शकत नाही."

"मी असा जाणारा माणूस नाही," मी ठणकावून सांगितलं.

जानेवारीत मी काखेत वाइनची बाटली घेऊन मिलोयेच्या दारात उभा होतो. त्याने दार उघडलं, बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाला, "ये." मी मुकाट्याने गव्हाचा चमचा घेतला.

टेबल गच्च भरलं होतं. एका कोपऱ्यात ओग्न्येन भाजलेलं डुक्कर खात बसला होता. मला पाहताच तो सरकला, शेजारची खुर्ची ओढून दिली आणि हळूच, अगदी आपुलकीने विचारलं,

"सर, तुमचा कुठला विषय राहिलाय?"