जावयाच्या हातचं विमान

"बस, बोट, पुन्हा बस, काहीही चालेल. पण मी ओडवारच्या विमानात बसणार नाही म्हणजे नाही," सोलफ्रीडबाईंनी वॅफलवर तपकिरी चीज पसरत जाहीर केलं.

ओडवार समोरच बसला होता. एकोणीस वर्षं तो विमान चालवत होता, पण सासूबाईंच्या लेखी त्याची कारकीर्द गेल्या ईस्टरलाच संपली होती. त्या दिवशी बोटीचा ट्रेलर मागे घेताना त्याने त्यांच्या बोटीच्या शेडचं दार आडवं केलं होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर ज्याला ट्रेलर मागे घेता येत नाही त्याला कुणी माणसात धरत नाही. सासूबाई तर त्याला मुलगी देऊन बसल्या होत्या.

शनिवारी ट्रोम्सोला त्यांच्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस होता. बसने जायचं म्हणजे दिवस मोडणार आणि कंबरही मोडणार. म्हणून बायकोने, गुन्वोरने, ओडवारला बजावून ठेवलं होतं, "आईला विमानात बसव. ती वाढदिवसाला पोचली नाही तर वर्षभर मला ऐकून घ्यावं लागेल, आणि मला म्हणजे तुला."

"पण काय रे," सासूबाईंना काहीतरी आठवलं, "आपल्या विमानतळाचा मनोरा आता रिकामा असतो ना? तिकडे बोडो शहरात बसून कॅमेऱ्यातून सगळं बघतात म्हणे. म्हणजे विमानंसुद्धा तिथूनच रिमोटने चालवत असणार!"

"छे हो आई! ते नुसतं थांबा, उतरा एवढंच सांगतात. विमान आम्हीच..."

टेबलाखालून गुन्वोरची सणसणीत लाथ बसली.

"...आम्हीच आपले सोबतीला असतो," ओडवारने वाक्य कसंबसं खाली उतरवलं.

"तुझा हात लागत नाही ना? मग बसते मी!"

शनिवारी विमानात बत्तीस माणसं होती. अनोळखी माणसाशी बोलायची इथे पद्धत नाही, पण सोलफ्रीडबाईंना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या सगळ्यांशीच मोठ्याने बोलत. "घाबरू नका हं," त्यांनी शेजारणीला धीर दिला. "पुढे माझा जावई आहे, पण तो नुसता शोभेला. विमान बोडोतला माणूस रिमोटने चालवतो!"

चौथ्या रांगेतल्या माणसाने टोपी डोक्यावर चढवली. मग एकेक जण उठला, वरची बॅग काढली आणि दाराकडे तोंड करून शिस्तीत रांगेत उभा राहिला. घबराटीतसुद्धा रांग मोडली नाही.

"कॅप्टन," हवाई सेविका कॉकपिटमध्ये डोकावली, "सगळे उतरायला उभे आहेत."

"का?"

"ते काही बोलत नाहीयेत. तुमच्या सासूबाई बोलताहेत."

ओडवारने कपाळाला हात लावला. खरं सांगावं तर सासूबाई जातात, नाही सांगावं तर विमान रिकामं होतं. शेवटी एकोणीस वर्षांच्या अभिमानाने उचल खाल्ली आणि त्याने माइक घेतला. "कॅप्टन बोलतोय. प्रवासी विमान जमिनीवरून रिमोटने कुणी चालवत नाही. आपलं हे विमान मी चालवतो. मी स्वतः!"

बत्तीसांपैकी एकतीस जण मुकाट्याने खाली बसले. उरलेलं एक पर्स सावरत थेट कॉकपिटच्या दारात येऊन उभं राहिलं.

"खोटारड्या! वॅफल खाताना काय म्हणाला होतास? उतरव मला!"

"आई, ऐका तरी..."

"आजी," शेजारच्या खुर्चीतून सहवैमानिक इंगुन म्हणाली, "खरं सांगू? आज विमान मीच चालवतेय. आम्ही फेऱ्या वाटून घेतो, ही माझी आहे. कॅप्टन आज रेडिओवर बोलणार आणि मी सांगितलं की चाकं वर घेणार."

सासूबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "ट्रेलर मागे घेता येतो?"

"बाबांची बोट दर वर्षी मीच पाण्यात सोडते."

"मग ठीक आहे," म्हणत त्या जागेवर जाऊन बसल्या. जाता जाता त्यांनी साऱ्या विमानाला खुशखबर दिली, "पोरगी चालवतेय!"

वाट छान गेली. ट्रोम्सोला मात्र आडवा वारा सुटला होता. इंगुनने शिकस्त केली, तरी विमान धाडकन आपटलं, उसळलं आणि पुन्हा आपटलं. एकतीस लोकांनी निमूटपणे दात जागेवर आहेत का ते पाहिलं. इंगुनचे कान लाल झाले. वर्षभरात तिच्या हातून असं पहिल्यांदाच झालं होतं.

दाराशी ओडवार प्रवाशांना निरोप देत उभा होता. सासूबाई त्याच्यासमोर थांबल्या. त्यांच्या पर्समधून सोमवारचं परतीचं तिकीट डोकावत होतं.

"शेवटी तू हात लावलासच ना?"

मागे इंगुनने तोंड उघडलं. ओडवारने मागे न बघताच हात करून तिला थांबवलं. एकोणीस वर्षं घशाशी आली आणि त्याने ती गिळली.

"लावला, आई. राहवलं नाही."

"मला वाटलंच!" त्या इंगुनकडे वळल्या आणि मायेने म्हणाल्या, "पोरी, एवढं छान आणलं होतंस गं. सोमवारी याला मागे बसव."