जावकबाईंची अनियमितता

ज्या गोष्टीचं नाव घ्यायची माणसाला लाज वाटते, तिच्यासाठी कार्यालयीन भाषेत एखादा भारदस्त शब्द तयारच असतो. जावकबाईंना तो नेमक्या वेळी सुचला, आणि घोटाळा झाला.

जावकबाई म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या कारकून. दोन वर्षं त्यांची पाळी मनाला येईल तेव्हा येई. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोशांत पीसीओएस निघालं. डॉक्टरांच्या तपासण्या चालू ठेवून त्या मावशीच्या सांगण्यावरून वैद्यीणबाईंकडेही गेल्या. वैद्यीणबाईंनी नाडी पाहिली, काढा दिला आणि रोज तासभर चालणं, दिवस मावळायच्या आत जेवण, दहाला झोप असा नेम लावून दिला. (हे सांभाळून नोकरीही होते, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.)

बाई रजेचा अर्ज लिहायला बसल्या. साहेब पडले वडीलधारे. पाळी हा शब्द काही लिहवेना. शेवटी लिहिलं, "गेली दोन वर्षे चालू असलेल्या अनियमिततेच्या निवारणार्थ पंधरा दिवसांची रजा मिळावी."

साहेबांनी अर्ज तीनदा वाचला, दार लावून घेतलं आणि बाईंना बसायला सांगितलं. (अकरा वर्षांत पहिल्यांदाच.)

"ही अनियमितता... कोणाकोणाला माहीत आहे?"

"आईला, मावशीला आणि वैद्यीणबाईंना," बाई फरशीकडे बघत म्हणाल्या.

"मावशीपर्यंत गेलं? कारण काय म्हणतात?"

"बसून बसून झालंय म्हणे. आणि वेळी-अवेळी खाणं."

साहेब खुर्चीत खचले. "पुरावा?"

"फोटो काढलेत ना. दोन्ही बाजूंचे."

संध्याकाळपर्यंत कार्यालयात पुढील वस्तू आपोआप परत आल्या: सहा खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, एक कपाट (ते गेल्याचं कोणाच्या लक्षातच नव्हतं) आणि तीन वर्षं दौऱ्यावर असलेले एक लिपिक.

रजा मंजूर झाली, पंधराऐवजी पंचेचाळीस दिवसांची. शेरा होता, "अनियमितता घरच्या घरी मिटवावी."

बाई चालल्या, वेळेवर जेवल्या, झोपल्या. पाळी एकदा आली. ("हुरळून जाऊ नका," वैद्यीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा.") त्या कामावर परतल्या तोवर कार्यालयातल्या टंकलेखिकेनं (बाईंनी रजेत तिला फोनवर सांगितलं होतं) साहेबांना खरा अर्थ सांगून टाकला होता.

साहेब कानापर्यंत लाल झाले. "मग सरळ लिहायचं ना!"

"लिहिलं असतं तर, साहेब?"

"तर असलं काही लिहितात का, म्हणून अर्ज परत केला असता."

हसू आलं ना? मग आज घरी सगळे जेवायला बसले की ही गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. 'पाळी' हा शब्द हा धरून फक्त चार वेळा आलाय. तिथे खोकायचं नाही.