बगळ्याच्या चोचीखालचा पाळणा

प्रेमलाबाईंचा पाळणा बगळ्याच्या चोचीखाली असायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळ्याचं चित्र होतं, तळ्यात बगळा, आणि सांडगे वाळत घालावेत तशा त्यांच्या सतरा फायली त्यावर पसरलेल्या. लोणच्याचं प्रमाण कमळापाशी, महिला मंडळाची यादी काठावरच्या दगडावर. एकीलाही धड नाव नव्हतं. आपल्याच अंगणात कोण कुठं बसलंय हे कळायला नाव कशाला लागतं?

नातीच्या नामकरणाला दोन तास उरले असताना त्यांनी कॉम्प्युटर लावला. बगळा नव्हता. तळंही नव्हतं. कोऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात एकच पिवळं फोल्डर होतं: ‘गृह’.

"अहो, माझा पाळणा कुठाय?"

"लावला," यशवंतराव पेपरमागून म्हणाले. केंद्राच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली लावून ते निवृत्त झाले होते. "पसारा होता नुसता. रीतसर वर्गीकरण केलं."

‘गृह’ उघडलं तर आत ‘चालू’ आणि ‘बंद’. ‘चालू’मध्ये नऊ शाखा, शाखेच्या पोटात उपशाखा, तिच्या पोटात वर्ष, वर्षाच्या पोटात महिना. प्रेमलाबाई सासुरवाशिणीसारख्या दारामागून दार उघडत गेल्या. शेवटच्या खोलीत कोणी नव्हतं.

"नंबर तरी सांगा."

"सूचीत बघ. एकूण एक नोंदवलंय."

"आणि सूची कुठाय?"

यशवंतरावांनी पेपर खाली घेतला. "तीही लावली."

"कुठं?"

"ते सूचीत आहे."

बाळाला खांद्यावर घेऊन लेक समता आली. तिचं सगळं शिक्षण इथंच, राजधानीतल्या द्वारकेत, हिंदीत झालेलं. "अच्छा, मग सर्च कर ना आई. फाइलचं नाव काय?"

"नाव नाही ठेवलं."

"नामकरणाचं गाणं, आणि त्यालाच नाव नाही?"

मग समताने ‘पाळणा’ असा शब्द टाकला. म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर एक हिरवी रेघ गोगलगाईसारखी निघाली आणि अर्ध्यात येऊन विसावली.

"चलो, छोड़ो. मोबाइलवर लावू एखादा. स्पीकर आणलाय मी."

प्रेमलाबाईंचा पाळणा बारा ओव्यांचा होता. आईकडून आलेल्या चार ओव्या आणि आठ स्वतःच्या. तीन महिने त्या खोडून, फिरवून, पुन्हा जुळवल्या होत्या. समताच्या पाळण्याशी आई स्वतः गायली होती. नातीच्या पाळण्याशी डबा वाजणार.

सोसायटीच्या हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील झालं, श्रावस्ती हे नाव कानात सांगून झालं. प्रेमलाबाईंनी पाळण्याची दोरी धरली आणि आठवेल तसं सुरू केलं.

"विमान गेलं वरून, खिडकी ग थरथरली,
नात माझी निजेमध्ये गालातच हसली..."

आठ ओव्या पाण्यासारख्या वाहिल्या. नववीला पाणी आटलं. दोरी हलत राहिली, गळा थांबला. समताचा हात हळूच स्पीकरकडे गेला.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून, टिपणी वाचून दाखवावी तसा कोरडा आवाज आला.

"आजोबांचा चष्मा बाई नको ओढू खाली,
चष्म्याविना आजोबांची फाइल कुठं गेली."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. यशवंतरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. दहावी, अकरावी, बारावी. ते एकेक ओळ सांगत गेले आणि प्रेमलाबाई तिला चाल देत गेल्या.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी नवऱ्याला गाठलं. "अख्खा पाळणा पाठ आहे तुम्हाला?"

"वर्गीकरणाआधी मजकूर वाचावा लागतो. हा तीनदा वाचला."

"तीनदा कशाला?"

यशवंतरावांनी वरणात भात कालवला. "नववीत माझा उल्लेख होता."

"मग सकाळपासून मी जिवाचं रान करतेय, सांगितलं का नाही?"

यशवंतरावांनी घास हातात धरून नीट विचार केला.

"तू फाइल मागितलीस," ते म्हणाले. "मजकूर मागितला नव्हतास."