एका चेडूचं प्रकरण

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले, तेव्हाच द्रौपदी कांबळेच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या अनुपमाला पाहायला सोनूबाई मुलाला घेऊन देवनारहून चारकोपला आल्या होत्या. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात शेजारची रत्नप्रभा परब न बोलावता आत आली आणि सोनूबाईंना म्हणाली, "ह्या चेडू एकदा घरात इला काय सोडून जावचा नाय."

"कळवतो," म्हणत सोनूबाई निघाल्याच.

द्रौपदीच्या साताऱ्याकडच्या गावात चेडा म्हणजे भूत. मानगुटीला बसलं की न सोडणारं. भरल्या घरात बाईनं आपल्या पोरीला भूत म्हणावं? नवरा राजाराम म्हणाला, आपण दीक्षा घेतलेली माणसं, भूतच मानत नाही, तर एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं. त्याला दोन दिवस कोरडी भाकरी मिळाली.

द्रौपदीनं रत्नप्रभाचं आपल्याकडे राहिलेलं कालवणाचं पातेलं तिच्या दारात आपटलं. सामाईक दोरीवरचे तिचे कपडे काढून कठड्यावर टाकले. गिरणी बंद पडल्यावर लालबागहून आलेल्या या लोकांना धड मराठी येत नाही, असं नळावर सांगितलं. मग रत्नप्रभाही पेटली. मराठी माणसाला मराठी काय समजवायची, म्हणून तिनं खुलासा केलाच नाही. सोसायटीकडे लेखी तक्रार केली.

रविवारी सेक्रेटरी नंदकिशोर दुबे यांनी दोघींना समोरासमोर बसवलं. हे मूळचे जौनपूरचे. त्यांनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं.

"द्रौपदीबाई, मी दहा वर्षं परळला मालवणी खानावळीत जेवलोय," ते म्हणाले. "चेडू म्हणजे मुलगी. या तुमच्या पोरीचं कौतुकच करत होत्या. गुणाची आहे, संसार टाकून जाणार नाही, असं."

द्रौपदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठ दिवसांचा राग असा एका क्षणात कुठे जाणार?

"तुम्ही आम्हाला मराठी शिकवणार?" ती दुबेंवर उखडली.

"कालपरवा इलास आणि आमका मराठी सांगतास?" रत्नप्रभानं साथ दिली.

दुबे वीस वर्षं मुंबईत होते. दोघींनी त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं आणि तक्रारीचा कागद फाडून एकत्रच बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी देवनारला खुलासा करायला गेल्या. सोनूबाई गोंधळल्या. त्या दिवशी रत्नप्रभा काय बोलली ते त्यांना कळलंच नव्हतं. बस चुकेल म्हणून त्या उठल्या होत्या. मुलगी पसंत असल्याचं पत्र त्यांनी पाहून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकलं होतं. ते चारकोपला पोचलंच नव्हतं.

परतताना द्रौपदी बसस्टॉपकडे तरातरा चालली होती. आनंद व्हायला हवा होता, पण आत अजून खदखदतच होतं.

"रत्नप्रभा," ती म्हणाली, "आपला पोस्टमन कुठल्या गावचा गं?"